बिनगाठीची फीत

एक

कपाटाला कुलूप होतं आणि कुलूप शाबूत होतं. आत अर्वाची फाईल जागच्या जागी होती. फाइलीत फोटो होता, शाळेचा दाखला होता, डॉक्टरांची चिठ्ठी होती. नव्हता तो एकच कागद, आणि त्या कागदावाचून बाकीची फाईल म्हणजे तेल सरलेला दिवा.

"काल दुपारी मी या डोळ्यांनी पाहिला होता, लल्ला मन्नूबिया! देवाशप्पथ!" नगरपालिकेच्या शादली कारकुनानं कपाळावर हात मारून घेतला.

"शपथा राखून ठेव, शादली. उद्या लागतील," मन्नूबिया म्हणाली.

गाव जिला मानानं लल्ला म्हणे, त्या मन्नूबियानं तीस वर्षं ऐन सिद्रा गावच्या कोर्टात दफ्तर सांभाळलं होतं. साक्षीदार खोटं बोलायला लागला की त्याचे पाय आधी हलतात, हे ती तिथं शिकली. निवृत्त झाल्यावर तिला दोनच कामं उरली होती. एक दर्ग्यातलं: गुरुवारी बायकांच्या मेळ्यात ती पैगंबरांची स्तुती गायला लागली की बाजारात मापात मारणाऱ्या बायकासुद्धा पदरानं डोळे पुसत. दुसरं हे, नगरपालिकेनं गळ्यात घातलेलं. शाळा सुटलेली, आसरागृहातून पळणारी, घसरणीच्या काठावर उभी असलेली मुलं चार भिंतींत कोंडण्याऐवजी गावातल्याच घरांत सांभाळायला द्यायची, अशी योजना नगरपालिकेनं काढली होती. मन्नूबिया तिच्या समितीची प्रमुख होती.

पहिल्या खेपेला तीन मुलं निवडली होती. दोघांची कागदपत्रं झाली होती. तिसरी अर्वा, वय चौदा, आईबापाचा पत्ता नाही.

तिला मागितलं होतं भट्टीवाल्या सालहानं. विधवा बाई, हात पिठात आणि जीव लेकरांत. अडचण एकच: घरात तिचा चौदा वर्षांचा मुलगा, नौफल. परका मुलगा आणि परकी मुलगी एका छपराखाली ठेवायला समितीतले दर्ग्याचे शेख सही देईनात. पण एका बाईचं दूध प्यालेली दोन लेकरं ही भाऊबहीणच. त्यांचं आपसात लग्न होत नाही, पडदा लागत नाही. आणि गेलेला कागद नेमका तेच सांगत होता: अर्वा तान्ही असताना सालहानं तिला अंगावर पाजलं होतं. खाली सालहाची सही आणि साक्षीदार शेजारणीचा निळा अंगठा. ती शेजारीण गेल्याच महिन्यात वारली होती.

उद्या दुपारी समिती बसणार होती. कागद नसला तर तासाभरात शहराची गाडी येऊन अर्वाला मोठ्या मुलींच्या बंद गृहात घेऊन जाणार होती. दोनदा पळालेल्या मुलीला शहरवाले तिसरी संधी देत नव्हते.

मन्नूबियानं फाईल उचलली आणि तिचा हात थांबला.

"ही फीत कुणी बांधली?"

"मीच. दोन गाठी, नेहमीसारख्या."

"मग गाठी कुठायत?"

फीत फाइलीभोवती तीन वेढे घेऊन नीट बसली होती, टोक आत खोचलेलं होतं. गाठ एकही नव्हती.

दोन

"चावी कुठं असते?"

"खणात."

"आणि खण?"

"उघडा," शादली पुटपुटला. "सगळ्या गावाला ठाऊक आहे, लल्ला. इथं चोरायला आहे काय? जन्ममृत्यूच्या नोंदी! कुणाचा मृत्यू कोण चोरून नेईल?"

काल दुपारी तो नमाजाला गेला, त्या अर्ध्या तासात तिघीजणी येऊन गेल्याचं समोरच्या चहावाल्यानं पाहिलं होतं. आसरागृहाच्या प्रमुख वसीलाबाई, सालहाची सासू हाज्जा खदूज आणि आसरागृहाची धोबीण महरजिया. महरजिया पालिकेच्या समारंभाच्या खोलीचे पडदे धुऊन घेऊन आली होती.

वसीलाबाई आसरागृहाच्या अंगणात उभ्या होत्या. पाठ ताठ, आणि बोलणं त्याहून ताठ.

"मुली घरोघर गेल्या तर माझं आसरागृह ओस पडेल, म्हणून मी कागद पळवला. असंच ना?"

"मी काही म्हटलं का?"

"तुम्ही म्हणत नाही, नुसत्या बघता. ते जास्त वाईट." त्यांनी श्वास घेतला. "योजनेला माझा विरोध होता, लेखी दिलाय, सहीनिशी. चोर सही करत नाही, लल्ला. काल मी आले होते ती समितीनं नकार दिलाच तर म्हणून शहराच्या गाडीची वेळ कळवायला. त्या कागदाबद्दल मला एवढंच वाटलं की बरं झालं, निदान एका मुलीला तरी भिंती चुकल्या. आठवड्यापूर्वी इथंच, या अंगणात सगळ्यांना वाचून दाखवला मी तो."

"सगळ्यांना?"

"मुलींना, स्वयंपाकिणीला, धोबिणीला. आनंदाची गोष्ट होती."

पायरीवर अर्वा बसली होती, नखानं भिंतीचा चुना खरवडत. मन्नूबिया तिच्याशेजारी टेकली.

"दोनदा पळालीस. दोन्हीदा सापडलीस कुठं?"

"सालहा खालतीच्या भट्टीमागं. भिंतीशी." खालती म्हणजे मावशी; गावातली पोरं सगळ्याच बायांना तसं म्हणत.

"तिथंच का?"

"भिंत गरम असते." ती पुढं म्हणाली, "आणि खालती काही विचारत नाही. भाकर ठेवते आणि जाते."

"कागद तू नाही ना घेतलास?"

"मी?" अर्वानं पहिल्यांदा मान वर केली. "मला तिथं राहायचंय! पण मला विचारलंय कुणी? सगळे फाइलीला विचारतात."

"आता मी विचारतेय."

"मग ऐका. गाडीत घातलंत तर मी पुन्हा पळेन. आणि या खेपेला भिंतीपाशी थांबणार नाही."

धमकी नव्हती ती. पोरगी उद्याचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

तीन

भट्टीवर गरम भाकरीचा वास भरून राहिला होता. सालहा कणीक मळत होती. हाज्जा खदूजनं पाहुणीपुढं पुदिन्याचा चहा ठेवला, निळ्या काठाच्या काचेच्या पेल्यात. फळीवर तसलेच आणखी नऊ पेले उपडे होते.

"सुंदर आहेत, हाज्जा."

"माझ्या लग्नातले. दोन डझन होते," हाज्जा म्हणाली. "फुटतात हो, माणसं फुटतात, पेल्यांचं काय!"

"काल पालिकेत आला होतात तुम्ही."

"आले होते! घर माझं, भट्टी माझी. परकी पोर आणायची तर सासूची सही लागते की नाही, एवढंच विचारायचं होतं. कारकून जागेवर नाही! मी तशीच परत. कागदबिगद मला ठाऊक नाही. आणि स्पष्टच सांगते, कुणाची कोण पोर, मला नकोच आहे ती."

"आई!" सालहा म्हणाली.

"काय आई? आधीच एकाला वाढवताना माझी हाडं झिजली. हा बघा!" नौफल पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन आत आला होता, आईपेक्षा वीतभर उंच. "हा जन्मला आणि हिला ताप भरला. चाळीस दिवस गावच्या दवाखान्यात, शुद्ध नाही. आजीनं बकरीच्या दुधावर जगवलाय याला, आजीनं!"

"म्हणून तर डोकं बकरीसारखं मारतो," नौफल म्हणाला आणि पसार झाला.

मन्नूबिया हसली, पण पेला ओठांशीच थांबला. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सालहा, साक्षीदार गेली, कागदही गेला. हरकत नाही. उद्या तूच कुराणावर हात ठेवून सांग की मी पाजलं. शेखांना तेवढं पुरे."

सालहाचा कणकेतला हात तिथंच राहिला. चेहरा पिठाहून पांढरा झाला.

"लल्ला... सही केली ती केली. पण हात ठेवून..."

निघताना हाज्जानं चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. एक गाठ, वर दुसरी, आणि दातांनी आवळून तिसरी. ती गाठ मन्नूबियाच्या डोळ्यांपुढं वाटभर राहिली. आणि सालहाचा चेहराही.

जिच्या स्वतःच्या लेकराला वरचं दूध पाजावं लागलं, तिनं परक्या लेकराला काय पाजलं असेल?

चार

म्हणजे कागद खोटा होता. मग तो खोटा आहे हे कुणाला ठाऊक होतं? अर्वाला खरोखर कुणी पाजलं, हे जिला ठाऊक होतं तिलाच. वसीलाबाईंना कागद खराच वाटला होता, हाज्जा गाठींशिवाय बांधत नव्हती; उरली महरजिया.

आसरागृहाच्या मागच्या अंगाला धुण्याची खोली होती आणि तिच्यातच महरजियाचा संसार. पन्नाशीची, वाळकी बाई. हात साबणानं पांढरे पडलेले. धुतलेल्या कपड्यांची गाठोडी भिंतीशी रचली होती. सगळी पट्टीनं वेढलेली, टोकं आत खोचलेली. गाठ एकाही गाठोड्याला नव्हती.

"गाठ नाही मारत तू?"

"सवय गेली. इथं तान्ही येतात ना, त्यांना गुंडाळायचं माझ्याकडंच. बाळाच्या फितीला गाठ मारू नये, रुतते." बोलता बोलता महरजियाचे पाय हलले.

पण मन्नूबिया आता खिडकीकडं बघत होती. खिडकीत काचेचे पेले ओळीनं मांडले होते, निळ्या काठाचे, घासूनपुसून लखलखीत. तिनं मनात मोजले. चौदा.

"हे कुठले?"

"कुणी पुण्यवान माणूस आहे, लल्ला. दरसाल जैतुनाच्या तोडणीत एक पेला दारात ठेवून जातं. जरीर भरून."

"जरीर?" तीळ, लोणी, मध आणि सुकामेवा घोटून केलेला तो गोड पदार्थ ऐन सिद्रात एकाच घरी जातो, जिथं बाळंतीण असते. "तुला? दरसाल?"

"मलाही कळत नाही. गरीब बघून देत असतील. पेले परत करायचे राहिलेत. पण कुणाला करू? आणि भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. मी भरून काय देणार, साबणाचं पाणी?" ती कसनुशी हसली.

मन्नूबियानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"महरजिया, तो कागद दे."

पाच

महरजियानं नाही म्हटलं नाही. उशीखालून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

"वाचता येत नाही मला. फोटोवरून फाईल ओळखली, आणि निळा अंगठा असलेला तेवढा एकच होता."

"का घेतलास?"

"खोटा आहे म्हणून. ही पोर माझी आहे, लल्ला. पोटची नाही, अंगावरची. माझं बाळ नवव्या दिवशी गेलं, नवरा त्याच्या आधीच गेलेला. इथं धुण्याला राहिले त्याच आठवड्यात ही सापडली, पुराच्या दिवसांत, चिंध्यांत गुंडाळलेली. छाती दुखत होती माझी, आणि ही रडत होती. नोकरांनी मुलांना पाजायचं नाही, असा इथं नियम आहे. दुधाची नाती गुंतून बसतात म्हणून. पण मी रोज हिला धुण्याच्या खोलीत आणून पाजलं. आणि त्या दिवशी अंगणात वाचून दाखवतात काय, तर सालहानं पाजलं! पोर उद्या त्या मुलाला भाऊ समजून उघड्या डोक्यानं वावरणार. तो भाऊ नाही तिचा. पाप तिच्या माथी बसणार. आणि... खोटं कशाला बोलू, माझं दूध दुसरीच्या नावावर चढलं, ते मला सोसलं नाही."

"मग तोंडानं का नाही बोललीस?"

"नियम मोडलाय. घालवून दिलं असतं, मग ती दिसलीही नसती. म्हटलं, कागद नाही तर पोर इथंच राहील, माझ्या डोळ्यांपुढं."

"महरजिया, कागद नाही तर पोर उद्या शहराच्या बंद गृहात जाईल."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं स्वतःच्याच तोंडावर दोन्ही हातांनी मारून घ्यायला सुरुवात केली. मन्नूबियानं तिचे हात धरले.

कागद सापडला होता, चोर सापडला होता. आणि आता मन्नूबियाला तो कागद समितीपुढं ठेवताच येणार नव्हता. खोट्या साक्षीवर सही करायला तिनं तीस वर्षं दफ्तर सांभाळलं नव्हतं. चोरी उलगडली आणि अर्वाचं दार अधिकच घट्ट बंद झालं.

उठता उठता तिनं विचारलं, "अर्वाशिवाय आणखी कुणाला पाजलंस?"

"कुणाला नाही." महरजिया घुटमळली. "अंगावर कुणाला नाही. त्याच पुरात एक बाई यायची मागच्या खिडकीशी. पांढऱ्या सफसारीत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, नुसता एक डोळा दिसायचा. म्हणायची, लेकरू मरतंय, वाटीभर दे. मी काढून द्यायची. महिनाभर. कोण होती, देव जाणे."

सहा

संध्याकाळी दर्ग्यात उद्याच्या मेळ्याची तयारी होती. मन्नूबिया गात होती, पैगंबरांना पाजणाऱ्या त्या वाळवंटातल्या दाईचं पद, जिच्या अंगणात या एका लेकरापायी दुष्काळातही सुकाळ झाला. डफावर थाप पडली. पदात दाईच्या शेळ्यांची आचळं दुधानं भरून येतात, त्या ओळीवर मन्नूबिया एकदम थांबली.

"विसरलात, लल्ला?" डफवालीनं विचारलं.

"नाही गं," मन्नूबिया म्हणाली. "आठवलं."

शेळ्या! चौदा वर्षांपूर्वीच्या त्या पुरात वाहून गेलेल्या जनावरांची यादी कोर्टात तिनं स्वतः उतरवली होती. हाज्जा खदूज, शेळ्या दोन, पुराच्या पहिल्याच रात्री. नौफल जन्मला त्यानंतर चार दिवसांनी. रस्ता महिनाभर बंद होता, गावात डब्याचं दूध नव्हतं. मग ती बकरी आली कुठून?

दोन डझनांतून फळीवरचे नऊ आणि हातातला एक वजा केले तर उरतात चौदा. आणि जरीर जातो तो बाळंतिणीलाच, दूध देणारीला.

गुरुवारी सकाळी भट्टीवर जाऊन मन्नूबिया हाज्जासमोर बसली. आरोप केला नाही. एवढंच म्हणाली, "हाज्जा, तुमचे चौदा पेले फुटले नाहीत. फार जपून ठेवलेत कुणीतरी."

हाज्जानं हातातली भाकर खाली ठेवली.

"दफ्तरवाल्या बाईला चहाला बोलावू नये," ती म्हणाली. "काय सांगणार होते मी गावाला? हाज्जा खदूजचा नातू आसरागृहाच्या धोबिणीच्या दुधावर जगला? सून शुद्धीवर आली तेव्हा तिलाही बकरीच सांगितली. पण कुणाचं दूध फुकट पिऊ नये, एवढी अक्कल देवानं दिलीय मला. म्हणून दरसाल, याच्या जन्मदिवशी..."

"देणं दिलंत, हाज्जा. पण नाव लपवलंत. महरजियानं अर्वालाही अंगावर पाजलंय. नौफल आणि अर्वा, या दोघांची उद्या लग्नाची गाठ पडली असती, तर?"

हे म्हातारीच्या कधी मनातही आलं नव्हतं. मागं दाराशी सालहा उभी होती, पिठाचे हात तोंडावर धरून.

"म्हणजे... अर्वा त्याची बहीणच?" ती कुजबुजली. "मी खोटं लिहून जे मागत होते, ते..."

"ते देवानं आधीच देऊन ठेवलं होतं," मन्नूबिया म्हणाली. "तू चुकीच्या दारात मागत होतीस, एवढंच."

दुपारी समितीपुढं सालहानं आपला कागद स्वतःच्या हातानं फाडला. मग महरजियानं कुराणावर हात ठेवला. नंतर हाज्जा खदूज उठली. आज सफसारी तिनं खांद्यावरच ठेवली होती, चेहरा उघडा. शेखांनी दोघींचं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, दूध अंगावर प्यालं काय नि वाटीनं प्यालं काय, नातं तेच. त्यांनी सही केली.

सगळ्यांच्या नजरा वसीलाबाईंकडं वळल्या. नियम त्यांचा मोडला होता.

"तेव्हा प्रमुख दुसऱ्या होत्या," त्या ताठ आवाजात म्हणाल्या. "त्यांनी तक्रार करावी. त्या वारल्यात. महरजिया, परवाचे पडदे नीट निघालेले नाहीत. उद्या पुन्हा धू."

शहराची गाडी आली तशी रिकामी गेली.

उन्हं कलताना अर्वा आपलं गाठोडं घेऊन निघाली. धुण्याच्या खोलीच्या दाराशी महरजियानं तिच्यापुढं टोपली धरली. तिच्यात चौदा पेले होते, फडक्यांत गुंडाळून, एकमेकांना भिडणार नाहीत असे.

"हाज्जाला दे. सांग, उशीर झाला, माफ कर. रिकामे द्यायला लाज वाटते गं. पण भरायला माझ्याकडं काही नाही."

अर्वानं टोपली घेतली. दाराबाहेर नौफल सायकल धरून उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. आज सकाळपर्यंत ज्या मुलीकडं बघायचीही चोरी होती, तिला आता काय म्हणून हाक मारायची हे त्याला सुचत नव्हतं.

"बघत काय उभा राहिलास, बकऱ्या?" अर्वा म्हणाली. "गाठोडं घे."

त्यानं घेतलं. ती दोन पावलं गेली, थांबली आणि वळली. चौदा वर्षं जिला ती खालती, नुसती मावशी, म्हणत आली होती, तिच्याकडं तिनं नीट पाहिलं.

"रिकामे कुठं आहेत, उम्मी?" ती म्हणाली. "मी चाललेय ना बरोबर."